गुलमर्गचा 'मर्ग' : हिमक्रीडेच्या प्रवासातील काही शब्दांचा अर्थविचार

मराठी वृत्तपत्रांत आणि प्रवासी संस्थांच्या जाहिरातींत काश्मीरमधील गुलमर्ग ह्या गिरिस्थानाचे नाव पुष्कळदा 'गुलमार्ग' असे छापले जाते. हा केवळ मुद्रणदोष आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. परंतु त्याच्या मुळाशी अर्थग्रहणाची एक प्रक्रिया आहे. 'मर्ग' हा शब्द मराठी वाचकाच्या संग्रही नाही, 'मार्ग' आहे. अपरिचित शब्द परिचिताच्या साच्यात बसवून घेण्याची ही प्रवृत्ती भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती ह्या नावाने ओळखली जाते, आणि गावाच्या नावापुरती ती निरुपद्रवीच होय. मात्र हिवाळ्यात तेथे स्की करावयास किंवा उन्हाळ्यात रानफुले पाहावयास जाणाऱ्या माणसाला बेत ठरविण्याच्या पहिल्या दिवसापासून ज्या शब्दांवर, रंगांवर आणि आकड्यांवर विसंबावे लागते, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत हीच प्रक्रिया घडत असते. प्रवासी ते शब्द स्वतःच्या भाषाव्यवस्थेत वाचतो. त्यांचा अर्थ मात्र दुसऱ्याच व्यवस्थेत ठरलेला असतो. ह्या तफावतीची किंमत कधी वाया गेलेल्या सुटीच्या रूपाने द्यावी लागते, तर कधी तिच्यात जीवही जातो.

प्रथम 'मर्ग' ह्या शब्दाचाच विचार करू. काश्मिरीत मर्ग म्हणजे डोंगरावरील कुरण. सोनमर्ग, यूसमर्ग, खिलनमर्ग, टंगमर्ग ही सर्व नावे ह्याच कुळातील आहेत. फारसीत कुरणातील गवताला 'मर्ग़' व कुरणाला 'मर्ग़ज़ार' म्हणतात आणि काश्मिरी शब्दाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. गंमत अशी की, फारसी लिपीत गुलमर्ग लिहिताना 'ग़' ऐवजी 'ग' येतो, आणि त्या अक्षरांनी लिहिलेल्या 'मर्ग' ह्या फारसी शब्दाचा अर्थ मृत्यू असा आहे. तेव्हा केवळ फारसी जाणणाऱ्याची या नावाविषयी मराठी वाचकाहूनही अधिक विपरीत समजूत होण्याचा संभव आहे. पूर्वी ह्या स्थळास गौरीमर्ग म्हणत व सोळाव्या शतकात काश्मीरचा राजा यूसुफशाह चक ह्याने त्यास गुलमर्ग हे नाव दिले, असे परंपरा सांगते.

हे नाव गुराख्यांच्या उन्हाळ्याचे आहे, ही गोष्ट प्रवाशाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जून ते सप्टेंबर ह्या काळात गुज्जर आणि बकरवाल लोक आपली जनावरे घेऊन ह्या कुरणांवर येतात. त्यांच्या दृष्टीने मर्ग म्हणजे झाडांच्या रेषेपाशी किंवा जंगलाच्या मध्ये असलेली मोकळी, गवताळ, पाण्याजवळची जागा. युरोपातही हेच घडलेले आढळते. आल्प्स पर्वतातील जर्मन बोलींत 'आल्प' म्हणजे शिखर नव्हे, तर उन्हाळी कुरण. आणि त्सेरमाट ह्या प्रख्यात स्विस गावाचे नाव 'कुरणापाशी' अशा अर्थाच्या पदबंधातून आले आहे. हिमक्रीडेची बहुतेक गावे उन्हाळी नावे धारण करून हिवाळ्यात पैसा मिळवीत असतात. मराठी वाचकाने मर्ग हा शब्द 'मार्गा'शेजारी न ठेवता 'माळ', 'पठार' आणि कोकणातील 'सडा' ह्यांच्या शेजारी ठेवला, म्हणजे त्याचे स्थान बरोबर कळेल. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस जाणारा प्रवासी फुलांचा हंगाम विचारूनच निघतो. गुलमर्गच्या फुलांसाठीही तसेच विचारून निघावे लागते. जानेवारीत जाऊन 'गुल' दिसत नाहीत म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर, पीर पंजाल रांगेच्या उत्तर उतारावर, बारामुल्ला जिल्ह्यात आहे. श्रीनगरपासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर टंगमर्गपासून चढाचे असून बर्फ पडल्यावर ह्या टप्प्यात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्याच वर सोडतात. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. ही बाब भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरची खरी. पण ज्या इशाऱ्यांचा विचार पुढे करावयाचा आहे, ते मुळात हाती येण्यासाठी ती आवश्यक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरन येथे पर्यटकांवर झालेल्या हल्ल्यानंतर खोऱ्यातील अनेक स्थळे बंद करण्यात आली व पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली. त्यामुळे निघण्यापूर्वी शासनाचे ताजे आदेश पाहणे हाही बेताचा भाग झाला आहे.

काळाची निवड करताना प्रवाशाची गाठ पडते ती 'चिल्लई कलान' ह्या शब्दाशी. काश्मिरी हिवाळ्याचे तीन खंड मानलेले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. 'चिल्ला' हा चाळीसवाचक फारसी शब्दापासून आलेला असून सूफी साधकांच्या चाळीस दिवसांच्या एकांतवासालाही हेच नाव आहे. 'कलान' म्हणजे मोठा व 'खुर्द' म्हणजे धाकटा. हा दुसरा शब्द महाराष्ट्रात कोणालाही नवा वाटू नये. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशा जोडगावांच्या नावांत तो शतकानुशतके नांदत आहे. त्याचा जोडीदार 'बुद्रुक' हा फारसी 'बुज़ुर्ग' होय. वीस आणि दहा दिवसांच्या मुदतींनाही 'चाळिशी'चे नाव मिळाले आहे, ह्यावरून शब्दातील संख्यार्थ झिजून तेथे केवळ 'कडक थंडीचा काळ' हा अर्थ उरला, हे अर्थविकासाचे सुबक उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे.

प्रवाशाने मात्र वेगळेच टिपावयाचे आहे. चिल्लई कलान हे पंचांगाचे नाव आहे, हिमवृष्टीचे नव्हे. काश्मीरमधील हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो, आणि हे विक्षोभ तारखा पाळीत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलानचा मोठा भाग कोरडा गेला आणि गुलमर्गची कुरणे ऐन हंगामात उघडी, तपकिरी राहिली. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाच्या अभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये पार पडल्या. सामान्यतः जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा स्कीसाठी सर्वांत भरवशाचा काळ समजला जातो. तथापि तिकिटे सहा महिने आधी काढणाऱ्याने 'भरवशाचा' ह्या विशेषणाचा अर्थ तुलनात्मक घ्यावा, निरपवाद घेऊ नये.

आता प्रत्यक्ष बर्फाकडे वळता येईल. मराठीत बर्फ हा एकच शब्द आकाशातून पडणाऱ्या कापसासारख्या पदार्थाला आणि कारखान्यात गोठविलेल्या लादीला, दोहोंना लागू होतो. वास्तविक हा शब्द मुळात पडणाऱ्या हिमाचाच आहे. अवेस्तातील 'वफ्र' ह्या हिमवाचक शब्दाचे फारसी रूप 'बर्फ़' झाले, आणि तेच मराठीने स्वीकारले. परंतु महाराष्ट्रात आकाशातून हिम पडत नसल्याने शब्द आला तो वस्तू सोडून आला, आणि पुढे लादीला चिकटला. मराठीच्या वारशातील शब्दाची कथा ह्याहून बोलकी आहे. संस्कृत 'हिम' प्राकृतातून उतरून मराठीत 'हिंव' झाला. हिवाळा, हिवताप, हिंव भरणे ह्या प्रयोगांत तो जिवंत आहे. पण त्या सर्वांत अर्थ आहे तो थंडीचा. पांढरा पदार्थ गळून पडला आणि त्याचा अंगावरचा परिणाम तेवढा शिल्लक राहिला. 'हिम' हे तत्सम रूप ग्रंथांसाठी आणि हिमालयासाठी पुन्हा उसने घ्यावे लागले.

काश्मिरीत पडलेल्या बर्फाला 'शीन' म्हणतात. संस्कृतात 'शीन' म्हणजे थिजलेले, घट्ट झालेले. 'श्यै' धातूचे हे रूप द्रव पदार्थ घट्ट होण्याच्या अर्थी कसे सिद्ध होते, ह्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले असून त्यावरील वृत्तीत उदाहरण आहे ते थिजलेल्या तुपाचे. दक्षिणेत तूप थिजते आणि उत्तरेत आकाश. एकाच धातूला दोन प्रदेशांत काय काय पाहावे लागले, ह्याचा हा नमुना आहे. पहिल्या हिमवृष्टीच्या दिवशी काश्मीरमध्ये एकमेकांना 'नव शीन मुबारक' म्हणण्याची प्रथा आहे.

येथे एका जुन्या समजुतीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. एस्किमो भाषांत बर्फासाठी शेकडो शब्द असतात, असे विधान मराठी लेखांतही वारंवार आढळते. फ्रान्झ बोआस ह्याने १९११ मध्ये चार वेगवेगळ्या मूळ शब्दांचे उदाहरण दिले होते. पुढील लेखकांनी मूळ न पाहता आकडा वाढवीत नेला. लॉरा मार्टिन ह्यांनी १९८६ मध्ये ह्या वाढीचा इतिहास दाखवून दिला आणि जेफ्री पुलम ह्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. तेव्हा 'काश्मिरी माणसाला बर्फ अधिक दिसतो, कारण त्याच्याजवळ शब्द अधिक आहेत' अशा तऱ्हेचा निष्कर्ष टाळावा. मराठीजवळ पावसाची शब्दसंपत्ती थोडकी नाही : सर, झड, भुरभूर, रिपरिप, संततधार, वळीव. तरीही मुंबईकराला शाळेत शिकविल्यास बर्फाचे प्रकार ओळखता येतात. शब्दांचा अभाव म्हणजे आकलनाची असमर्थता नव्हे. तो केवळ सवयीचा अभाव आहे. पण प्रवासी चारपाच दिवसांसाठी जातो, आणि तेवढ्या मुदतीत सवय होत नाही, हीच अडचण आहे.

स्की ह्या शब्दाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. प्राचीन नॉर्स भाषेत 'स्कीध' म्हणजे चिरलेले लाकूड, फळी. संस्कृत 'छिद्' धातू त्याच दूरच्या मुळातून निघाला आहे. नॉर्वेत त्याचा उच्चार 'शी' असा होतो. 'स्लालोम' हाही नॉर्वेजियनच शब्द असून त्याचा अर्थ उतारावरील माग असा आहे. मराठीत ह्या क्रियेसाठी 'घसरणे' हे क्रियापद योजिले जाते ते मात्र दिशाभूल करणारे आहे. मराठीत पाय घसरतो, जीभ घसरते, गाडी रुळावरून घसरते; कर्त्याचा ताबा सुटणे हा त्या क्रियापदाचा गाभा आहे. स्कीच्या शिक्षणात पहिला धडा असतो तो थांबण्याचा. दोन्ही फळ्यांची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवावयाची व नांगराच्या फाळासारखा आकार करून वेग मोडावयाचा, ही कृती साधल्याखेरीज शिक्षक विद्यार्थ्याला वर नेत नाही. गुलमर्गमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केंद्र सरकारची हिमक्रीडा व गिर्यारोहण शिकविणारी संस्था आहे. नवशिक्याने दोन दिवसांत सर्व काही उरकण्याचा बेत न करता निदान आठवडाभराचा क्रम घ्यावा, आणि तो गावाजवळच्या सौम्य उतारांवर घ्यावा.

उतारांच्या संदर्भात रंगांची भाषा पुढे येते, आणि अर्थाच्या दृष्टीने हा सर्वांत उद्बोधक भाग आहे. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली ह्या देशांत आखलेल्या उतरणींना निळा, तांबडा आणि काळा असे तीन रंग देतात. निळा सर्वांत सोपा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा आहे. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा समभुज अशी चिन्हे असून तेथे निळा मधला आहे, तांबडा नाहीच. जपानमध्ये हिरवा, तांबडा, काळा अशी श्रेणी असून निळ्याला स्थान नाही. म्हणजे 'निळी उतरण' हा पदबंध त्सेरमाटमध्ये 'सर्वांत सोपी', फ्रान्समध्ये 'सोपी, पण सर्वांत सोपी नव्हे' आणि अमेरिकेत 'मध्यम' असे तीन अर्थ देतो. १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत जिनीव्हाच्या फेर्दिनां द सोस्यूरने चिन्हाच्या मूल्याविषयी जे प्रतिपादन केले, त्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण त्याच्याच देशाच्या डोंगरांवर मिळावे हा योगायोग म्हणावा लागेल. निळ्या रंगात स्वतःचा असा अर्थ काहीच नाही. त्याच्या आजूबाजूला कोणते रंग आहेत, त्यावर तो ठरतो.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे, परंतु तो अधिक महत्त्वाचा. मध्य युरोपात निळ्या उतरणीचा चढ साधारणतः शंभरास पंचवीस ह्या प्रमाणापेक्षा अधिक नसावा, तांबडीचा शंभरास चाळिसापेक्षा अधिक नसावा, असा मापाचा निकष आहे. अमेरिकेत मात्र प्रत्येक गाव आपल्या डोंगरावरील उतरणींची आपसांत तुलना करून रंग देते. एका गावाचा निळा दुसऱ्या गावाचा काळाही असू शकेल. एकाच चिन्हाच्या मागे एका ठिकाणी माप आहे, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ क्रम.

गुलमर्गच्या वरच्या भागात ही रंगभाषा जवळजवळ अस्तित्वातच नाही. तेथे दुसरेच शब्द राज्य करतात : 'फेज वन' आणि 'फेज टू'. गंडोला म्हणजे रज्जुमार्ग दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा गावापासून कोंगडूरीपर्यंत, सुमारे ३०५० मीटर उंचीवर, १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटर उंचीवर, २००५ मध्ये सुरू झाला. 'टप्पा' ह्या शब्दात क्रम अभिप्रेत आहे. पहिला झाला की दुसरा आपोआप येतो. ज्याने पहिल्याचे तिकीट काढले त्याने दुसऱ्याचे न काढणे म्हणजे प्रवास अर्धवट सोडणे, असे सामान्य मराठी कुटुंबाला वाटते, व ते स्वाभाविकही आहे. परंतु ह्या दोन टप्प्यांचा संबंध पुस्तकाच्या दोन भागांसारखा नाही. पहिल्याच्या माथ्यावर झाडी आहे, चहाची दुकाने आहेत, दाबून सारखे केलेले उतार आहेत. दुसऱ्याच्या माथ्यावर उघडा डोंगर आहे, आणि तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनपंचमांश आहे. श्रीनगरहून सकाळी निघालेला माणूस दुपारपूर्वी तेथे पोहोचतो तेव्हा त्याचे डोके दुखू लागते, मळमळ होते; हृदयविकार किंवा श्वसनविकार असणाऱ्यांनी तर वैद्यांना विचारल्यावाचून वर जाऊ नये. एक रात्र गुलमर्गला काढून दुसऱ्या दिवशी वर जाणे अधिक शहाणपणाचे. शिवाय वाऱ्यामुळे दुसरा टप्पा अनेकदा बंद असतो, तेव्हा त्यासाठी एकच दिवस राखून ठेवणारा बेत मुळातच कच्चा समजावा.

सह्याद्रीत भटकलेल्या मराठी तरुणाची अफरवटवर आणखी एका प्रकारे फसगत होण्याचा संभव आहे. त्याच्याजवळ डोंगराच्या अंगांची उत्तम शब्दसंपत्ती असते : धार, सोंड, खिंड, पदर, नाळ, घळ. ह्या शब्दांबरोबर अनुभवही येतो. सह्याद्रीत उभा कडा चढण्यापेक्षा नाळेने वर जाणे बरे. नाळ ही वाट असते, हाताला दगड लागतात, पाय टेकतो. हिमाच्छादित डोंगरावर ह्याच्या नेमके उलट आहे. नाळ आणि घळ ह्या हिमस्खलनाच्या वाटा; वरून सुटलेला हिमाचा लोट त्यांतूनच खाली येतो, आणि घळीत सापडलेला माणूस अधिक खोल गाडला जातो. तुलनेने सुरक्षित असते ती धार. भूरूपाचा शब्द तोच, पण सोबतचा अनुभव येथे नेमका उलटा लागू पडतो.

हिमस्खलन हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. तो 'हिमपात' ह्याच्याशी घोटाळता कामा नये. जर्मन 'लावीने' लॅटिनमधील 'घसरणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. येथे घसरणे ह्या मराठी क्रियापदाचा गाभा मात्र अगदी चपखल बसतो. माणसे सापडतात त्यांपैकी बहुतेक हिमस्खलनांत भुसभुशीत बर्फाचा चुरा ओघळत नाही, तर एक आख्खा थर, लादीसारखा, खालच्या दुबळ्या थरावरून सुटून येतो. लादी ह्या मराठी शब्दात कठीणपणा आहे. ही लादी मात्र मऊही असू शकते, आणि तिच्यावर उभे असणाऱ्याला पायाखाली मऊ मऊ बर्फच जाणवतो. साधारणतः तीस अंशांहून अधिक उताराच्या जागी हे घडते. अपघातांच्या अभ्यासातून असे दिसते की, दहापैकी सुमारे नऊ प्रसंगी सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच तो थर सोडविलेला असतो. गुलमर्गचा इतिहास ह्या बाबतीत क्लेशकारक आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग परिसरात प्रशिक्षणासाठी गेलेले १७ सैनिक हिमस्खलनात मृत्यू पावले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू मरण पावला. ही नवखी माणसे नव्हती.

धोक्याचा इशारा देण्यासाठी युरोपात १९९३ पासून पाच पायऱ्यांची एक समान श्रेणी वापरली जाते. तिच्यातील शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. पहिल्या पायरीस जर्मनमध्ये 'गेरिंग', फ्रेंचमध्ये 'फेब्ल' म्हणजे अल्प. दुसरीस इंग्रजीत 'मॉडरेट', फ्रेंचमध्ये 'लिमिते' म्हणजे मर्यादित. तिसरीस इंग्रजीत 'कन्सिडरेबल', जर्मनमध्ये 'एरहेब्लिख', फ्रेंचमध्ये 'मार्के', इटालियनमध्ये 'मार्कातो'. चौथी मोठी आणि पाचवी अतिशय मोठी. तिसऱ्या पायरीसाठी एकाही भाषेने 'मध्यम' अशा अर्थाचा शब्द घेतलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ठळक, उठून दिसणारा, दुर्लक्षिता न येणारा असा त्या सर्वांचा रोख आहे. तरीही वाचक शब्द वाचीत नाही, आकडा वाचतो. आणि पाचांपैकी तीन म्हणजे मधला, अशी त्याची मनोमन समजूत होते. परीक्षेतील गुणांपासून हॉटेलांच्या ताऱ्यांपर्यंत सर्वत्र हीच सवय असल्याने तिला दोष तरी कसा द्यावा? वस्तुतः ह्या श्रेणीत धोका सारख्या अंतराने वाढत नाही. प्रत्येक पायरीगणिक तो पटीने वाढतो. तिसऱ्या पायरीच्या दिवशी तीव्र उतारावर एकटा माणूसही थर सोडवू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे ह्याच पायरीच्या दिवशी घडतात. चौथ्या आणि पाचव्या पायरीला माणसे घरी बसतात, पहिल्या पायरीला धोका कमीच असतो. मारते ती 'मधली' म्हणून ओळखली गेलेली पायरी.

भारतात हिमस्खलनाचा अंदाज संरक्षण संशोधन विभागाची संस्था वर्तविते आणि राज्याचे आपत्ती व्यवस्थापन खाते तो प्रसृत करते. ह्या इशाऱ्यांत 'लो', 'मिडियम', 'हाय' अशी पदे आढळतात. युरोपीय पायऱ्यांशी त्यांची एकास एक जोडणी गृहीत धरू नये. निराळ्या श्रेणीतील पदाचे मूल्य निराळे, हे रंगांच्या संदर्भात आधीच पाहिले आहे. मराठी वृत्तपत्रे 'मिडियम'चे भाषांतर 'मध्यम' असे करतात, आणि कोशाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण मराठीत मध्यम पाऊस, मध्यम उंची, मध्यम वर्ग ह्या प्रयोगांतून त्या शब्दास सुखावह अशी छटा प्राप्त झाली आहे; मध्यम म्हणजे जे अंगावर येत नाही ते. धोक्याच्या श्रेणीसाठी मराठीला अल्प, मर्यादित, ठळक, मोठा, अतिशय मोठा अशी पाच पदे योजिता येतील, आणि परिभाषा घडविणाऱ्यांनी ह्या 'ठळक'चा अवश्य विचार करावा. इशाऱ्याच्या वाक्यरचनेतही एक मर्म आहे. 'अमुक जिल्ह्यात अमुक मीटर उंचीच्या वर' असे त्यात म्हटलेले असते. जिल्ह्याचे नाव वाचून बारामुल्लाच्या बाजारातील माणूस घाबरतो, आणि उंचीचा आकडा न वाचल्याने फेज टूचा प्रवासी निर्धास्त राहतो. 'च्या वर' ह्या शब्दयोगी रचनेतच सारा अर्थ साठविलेला आहे.

आखून दिलेल्या, पहारा असलेल्या उतारांच्या बाहेर ज्यांना जावयाचे असेल, त्यांनी स्थानिक वाटाड्या, गाडले गेल्यास शोध लागावा म्हणून रेडिओसंकेत देणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे ह्यांवाचून जाऊ नये. आणि ही साधने वापरता येणारे किमान दोन सोबती असावेत, कारण गाडलेल्याला वाचविण्याची संधी बव्हंशी पहिल्या दहापंधरा मिनिटांचीच असते. बाहेरून मदत तितक्या वेळात येत नाही.

स्की न करणाऱ्यांसाठी, किंवा वारा सुटून गंडोला बंद झालेल्या दिवसासाठी, गुलमर्गच्या सभोवारचे अरण्य पुरेसे आहे. सुमारे १८० चौरस किलोमीटरचे अभयारण्य गावाला लागूनच आहे. त्यात काश्मिरीत 'बुदुल' म्हणतात ते फर आणि 'काइरू' म्हणतात ते निळे पाइन उभे आहेत. हिवाळ्यात बर्फावर कोल्ह्याच्या पावलांची रेघ दिसते, आणि कस्तुरीमृग व काळे अस्वल ह्यांचा तेथे वास आहे, जरी ते क्वचितच दृष्टीस पडतात. उन्हाळ्यात खिलनमर्गपर्यंत पायी जाता येते. त्याहून वर अलपथर नावाचे सरोवर असून ते जूनपर्यंत गोठलेले असते.

राहता राहिला प्रश्न विचारण्याचा. रज्जुमार्गापाशी किंवा उपाहारगृहात प्रवासी सामान्यतः हिंदीत विचारतो, 'ऊपर सेफ है ना?' ह्या वाक्याच्या शेवटचा 'ना' होकार मागतो, आणि ज्याची उपजीविका प्रवाशावर अवलंबून आहे, असा जगातील कोणताही माणूस तो होकार देतो. तेच वाक्य 'आज कोणकोणत्या घळी उघडल्या आहेत आणि कोणत्या बंद आहेत?' असे बदलले, म्हणजे उत्तरात नावे द्यावी लागतात. हा प्रश्न आदल्या संध्याकाळी पहारा पथकाला विचारावा, सकाळी पुन्हा विचारावा, आणि दोन उत्तरांत फरक पडला तर तो का पडला, हेही विचारावे.